पणजोबांचं पिस्तूल

पणजोबांनी पणजीला चकमकीच्या दगडाच्या ठिणगीनं बार उडवणाऱ्या या जुन्या पिस्तुलाचा धाक दाखवून पळवून आणलं, ही कथा मामा पाहुण्यांना इतकी रंगवून सांगायचा की चहा गार व्हायचा. शेवटी पिस्तूल तुर्की की बाल्कन, हे ठरवायला त्यानं संग्रहालयातल्या जाणकार बाईंना घरी बोलावलं.

बाईंनी भिंग फिरवलं. "मुठीवरचं चांदीकाम बाल्कनच आहे. पण नळीला ठिणगी आत जायचं भोकच पाडलेलं नाही. हे नुसतं कमरेला खोचून मिरवायचं. गोळी सुटणं शक्यच नाही."

मामाचा चेहरा पडला. "म्हणजे बिचारीला चक्क फसवून आणलं?"

आजी, म्हणजे त्या पणजीचीच लेक, गालातल्या गालात हसली.


"फसतेय कसली! माझ्या आईचं माहेर बंदुका घडवणाऱ्यांचं होतं."