ओल्या झाडातला बिबट्या

"सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आंबोलीच्या डाकबंगल्यात भरदुपारी मी एकटाच तेलरंगात फणसाचं झाड रंगवत होतो. आधी काळपट हिरवा थापला आणि तो ओला असतानाच वर पातळ पिवळ्याने उन्हाचे ठिपके द्यायला घेतले.

तेवढ्यात पानांमधल्या काळोखात दोन डोळे चमकले. शप्पथ सांगतो, मी काढले नव्हते! झाकायला त्यांच्यावर पिवळा ठोकला, तर ते शेजारी उघडले. घाबरून मी ठोकतच सुटलो आणि झाडात काळोख म्हणून उरला नाही. दडायला जागा नसल्यावर बिबट्या काय करणार? पिवळी पानं सारून तो चित्रातून बाहेरच आला.

माझ्या मानेवर त्याचा गरम श्वास! मला हुंगून तो पायऱ्या उतरून गेला. पांढऱ्या फरशीवर काळेकुट्ट पंजे उमटले होते. म्हणून म्हणतो मंडळी, झाडात थोडा काळोख राहू द्या."

चित्रकलेच्या वर्गात प्रत्येकासमोर तसंच पिवळ्या ठिपक्यांचं ओलं झाड होतं. मग मुणगेकरबाईंनी बोट वर केलं.

"सर, थापा! मी आत्ता माझ्या झाडाला हात लावला, तर बोट पिवळं झालं. पिवळी पानं सारून आलेल्या तुमच्या बिबट्याचेच पंजे काळे कसे?"