एक टाका न उसवता

“अजून एकदा,” तरुबेन म्हणाली, आणि पाण्याने भरलेले चारही लोटे पुन्हा डोक्यावर गेले. दोन तिच्या हातांत, दोन कनुभाईंच्या. तिच्या बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत आल्या.

बडोद्याची लिंबडा शेरी अजून अर्धवट झोपेत होती. देवळाच्या शिखरावरून पोपटांचा थवा गेला. त्यांचा आवाज आधी आला, हिरवा रंग मागाहून उजाडला.

तरुबेन आकडे मोजत नसे. देवळात आख्यान सांगताना माणभट्ट तांब्याच्या माठावर बोटांतल्या अंगठ्यांनी ठेका धरत. तोच ठेका ती तोंडाने धरे. एक ओवी होईस्तोवर हात वर. मग चटईवर आडवं पडून पोट आत, पाय अधांतरी. आख्यानातला भक्त संकटात सापडला की पाय थरथरले तरी टेकवायचे नाहीत. देव धावून आला की मगच.

“देवाला जरा लवकर बोलाव,” कनुभाई म्हणाले. “गजेंद्रासाठीसुद्धा एवढा उशीर केला नव्हता त्याने.”

“गजेंद्र हत्ती होता, तरी कुरकुरत नव्हता.”

सगळा खटाटोप एका चोळीसाठी होता. तरुबेनची लग्नातली चोळी: आरशांची, पाठीवर नाड्या, दंडाला घट्ट बाह्या. उन्हाळ्यात तरुबेनचा ताप मेंदूत चढला आणि डॉक्टरांनी मान खाली घातली, तेव्हा इस्पितळातच नवस बोलला गेला. जीव वाचला तर नवरात्रातल्या आठमीला हीच चोळी आणि तिच्यावरचा चांदीचा कंबरपट्टा घालून मातेपुढे गरबा. टाका उसवायचा नाही, कडी वाढवायची नाही. आणि नवस फिटेपर्यंत चार कानांबाहेर जाऊ द्यायचा नाही.

तरुबेनला त्या रात्रीचं फारसं आठवत नसे. पांढरं छत, आणि लांब कुठेतरी माठावर वाजणाऱ्या अंगठ्या. डोळे उघडले तेव्हा ताप उतरला होता. मातेने आपलं काम केलं होतं. उरला होता तो दिलेला शब्द, आणि शब्दाच्या आड येणारे दंड न् पोट.

घरातलं तळण बंद झालं. रविवारचे फाफडे गेले, जिलेबी गेली. रात्री मुगाचं पाणी.

“काय गं तरु, तुमच्याकडून तेलाचा वासच येत नाही हल्ली,” शेजारच्या गच्चीवरून मंजुलाबेनने विचारलं. “आणि कनुभाई, तुम्ही हो कशाला लोटे नाचवताय?”

“सोबत नको का?”

“एवढी सोबत आमच्या ह्यांनी लग्नाच्या फेऱ्यांतसुद्धा दिली नव्हती.” मंजुलाबेन वाळत घातलेली चादर सारखी करत म्हणाली, “आठमीला माझ्याशेजारी ओट्यावर बस हं, तरु. आपल्याला काय, बसून गायचंय. फिरतील ते नवसवाले.”

तरुबेन नुसती हसली. “बसते ना.”

बाजारात ती चोळी घेऊन इस्माईलभाईंच्या दुकानात गेली. पिशवीतून तिने गाठ मारलेली दोरी काढली. “गाठीपर्यंत दंडाचं माप आहे. बघा बरं बसतं का.”

इस्माईलभाईंनी दोरी बाहीवर धरली. “बाही दोन बोटं कमी पडतेय. पण भाभी, दोरी कशाला? हात पुढे करा, टेपने घेतो. इतकी वर्षं तुमचे कपडे शिवतोय, आता काय लाजायचं?”

तरुबेनने पदर दंडावरून आणखी खाली ओढला. “दोरीच बरी.”

“मग बाजूचे टाके जरा सैल करतो. कोणाला कळणार आहे?”

“जिला कळायचं तिला कळेल.”

इस्माईलभाईंनी चोळी जपून घडी करून परत दिली. “मग दुधी खा.”

नवरात्र बसलं. शेरीत मधोमध मातेचा सच्छिद्र घट ठेवला गेला, आतला दिवा भिंतींवर चांदण्या सांडू लागला. तरुबेनला रोज एकच स्वप्न पडे. रिकामी चोळी दिव्याभोवती फिरतेय, रिकाम्या बाह्या टाळ्या देतायत, आरसे लुकलुकतायत. फेऱ्यांवर फेऱ्या होतात, पण चोळीत कोणी येतच नाही. जाग आली की ती उशीखाली दोरी चाचपे. गाठ मागे सरकत होती, पण नखभर, नखभर.

सातमीला दुपारी कंबरपट्ट्याची कडी अजून अडत होती. कनुभाई खिडकीशी बसून दुधीची शेवटची फोड चिवडत होते.

“नाहीच झालं, तर माता समजून घेईल,” ते म्हणाले.

“माता घेईल. मी नाही.”

आठमीला दिवेलागणीच्या वेळी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर ढोलाची दोरी ताणली जात होती. आरशासमोर चोळी उलगडली.

बाही अर्ध्या दंडावर येऊन अडली. तरुबेनने डोळे मिटून ठेका धरला. ओवी संपता संपता बाही वर सरकली. एकही टाका कुरकुरला नाही. मग कंबरपट्टा. पोट आत, श्वास रोखलेला, भक्त संकटात. ठेका लांबला, आणखी लांबला, आणि कडी टक्कन बसली.

“आला देव,” तरुबेन पुटपुटली. आरशातलं सगळं तिला पाण्यातून दिसल्यासारखं हलू लागलं.

“तरु, चल गं!” मंजुलाबेनची हाक आली. “जागा धरलीय.”

“आले, आले.”

तिने पाठीवरच्या नाड्यांची गाठ पक्की केली, ओढणी डोक्यावरून नीट घेतली आणि अनामिकेने कुंकू उचलून कनुभाईंच्या कपाळावर टेकवलं.

“आणि मिशी ओढणीत लपवू नका,” ती म्हणाली. “शब्द कोणी दिला होता, ते मातेला दिसू दे.”