फक्त पाय

“पोरींचे चेहरे दिसता कामा नयेत,” पंचशीलाच्या आईने आधीच बजावलं होतं. म्हणून वस्तीतल्या मुलींनी मोबाइलवर फक्त पाय शूट केले.

समाजमंदिरात चादरीवर सिनेमा सुरू झाला. पहाटे सार्वजनिक संडासाकडे निघालेले, पैंजण घातलेले पाय. त्यांच्या मागोमाग पुरुषाच्या चपला, हिरव्या दोऱ्याने शिवलेल्या. पाय थबकले की चपलाही थबकायच्या. पाय पळत सुटले.

“कोण गं हा मेला?” आई ओरडली.

“चेहरे नकोत म्हणालीस ना?” पंचशीला म्हणाली.

दिवे लागले. बाया बाहेर येऊन दाराशी काढलेल्या चपला घालू लागल्या. शेवटी हिरव्या दोऱ्याचा एकच जोड उरला. घरी मात्र कुणीच गेलं नाही.

आत मंडळाचे अध्यक्ष खुर्चीवरून उठेनात.

“या की बाहेर, दादा,” आईने हाक मारली. “चपला राहिल्यात तुमच्या.”