माळ्यावरची धावपळ

वैशाखात केतकी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. माळ्यावरच्या उदमांजराच्या धावपळीने तिचं तान्हं बाळ सारखं दचकून रडायचं. शेवटी तिच्या वडिलांनी, भार्गवरावांनी, पिंजऱ्यात पिकलं केळं लावून उदमांजर पकडलं आणि खाडीपलीकडच्या रानात नेऊन सोडलं.

तो दिवस शांत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी म्हणाली, "बाबा, माळ्यावर कुणीतरी रडतंय."

भार्गवराव शिडी लावून वर चढले. तापलेल्या कौलांखाली, नारळाच्या सोडणांत तीन पिल्लं होती. दोन निपचित पडली होती. एक अजून तोंड उघडत होतं.

"ती बाळंतीण होती, बाबा," केतकी एवढंच म्हणाली.

ते तसेच उन्हातून पूल ओलांडून गेले. रानाच्या तोंडाशी थांबल्यावर, तिला काय म्हणून हाक मारायची, हेच त्यांना कळेना.