थांबलेली फळी

फळी आजही हलली नाही.

पडद्यावरची बाहुली दरीच्या काठावर उभी होती. दरी ओलांडून नेणारी फळी तिच्या पुढ्यातच, पण ढिम्म. लेकीने कपाळाला हात लावला.

"बाबा, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!"

"असं का?" बाबा म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत साठी उलटलेल्या मंडळींचा वर्ग भरायचा. लेक त्यांना कॉम्प्युटरवर अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ बनवायला शिकवायची. पाच विद्यार्थी, आणि त्यात तिचे स्वतःचे वडील. वर्गात ते तिला न चुकता 'बाई' म्हणत आणि बाकीचे चौघे तोंड दाबून हसत. उद्या आसपासची मुलं हे खेळ खेळायला येणार होती. चौघांचे खेळ तयार होते. निवृत्त नर्सबाईंचा फिरता दांडा तर असा गरगरत होता, की बघणाऱ्यालाच भोवळ यावी.

अडला होता तो एकटा ड्रायव्हर.

बाबांनी तीस वर्षं शहराची बस चालवली. त्यांची गाडी वळणावर दिसली की लोक घड्याळं लावून घेत. मग अशा माणसाला वेळेचं गणित जमू नये? तसंही नव्हतं. त्यांचा गडगडता ओंडका दर दोन सेकंदांनी यायचा, झुलता हातोडा दीड सेकंदात परत फिरायचा. कुठे तसूभर इकडेतिकडे नाही. नाकी नऊ आणले होते ते त्या एका फळीने. तीन सेकंद अलीकडे, तीन सेकंद पलीकडे, एवढंच फळीला सांगायचं होतं. पण बाबांची फळी बाहुलीने पाय ठेवेपर्यंत जागची हलायचीच नाही. मागच्या तीन तासांना लेकीने चूक दाखवली. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली, आणि पुढच्या तासाला ये रे माझ्या मागल्या.

"अहो, अडथळा असा नसतो," लेक शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. "तो आपल्या वेळेनं जातो, वेळेनं येतो. कोणासाठी थांबत नाही. ज्याला जायचंय त्यानं वेळ साधायची."

बोलता बोलता तिची जीभ अडखळली. हे वाक्य तिचं नव्हतं. ते बाबांचं होतं, आणि ते ऐकतच ती मोठी झाली होती.

ती सोळा वर्षांची होती. शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि बाबांच्याच बसने जायचं होतं. प्रवेशपत्र घरी राहिलं म्हणून ती थांब्यावरून उलट पळाली. परत आली तेव्हा बस सुटत होती. हातातला कागद हलवत ती पुढच्या चौकापर्यंत मागे धावली. परीक्षा हुकली, शिष्यवृत्ती गेली, आणि त्या पैशांवर पुढे शिकायचं होतं तेही दोन वर्षं लांबलं. संध्याकाळी बाबा घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "आरशात दिसली नाहीस गं." तिने ते मानलं. मानलं नसतं तर त्याच घरात त्याच माणसाशेजारी जेवायला बसणं तिला जमलं नसतं. पुढे घरात त्याची गंमतही झाली. गंमत होताना सगळ्यांबरोबर तीही हसायची, पण तिच्या आत काहीतरी टोचायचं ते टोचायचंच.

"उठा, मीच करते," ती म्हणाली. विद्यार्थ्याच्या कामाला स्वतः हात लावायचा नाही, असा तिचा नियम होता. पण उद्या मुलं येणार होती.

"राहू दे ना," बाबा घाईने म्हणाले. "आहे तशी असू दे."

तोवर तिने स्क्रिप्ट, म्हणजे खेळाला दिलेल्या सूचनांची यादी, उघडलीही होती. पहिल्याच तासाला तिने सगळ्यांना एक सवय लावली होती. प्रत्येक अडथळ्याच्या वर, तो काय करतो आणि का, ते साध्या भाषेत एका ओळीत लिहायचं. ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, ती फक्त माणसांसाठी असते. बाबांनी आज्ञाधारकपणे लिहिलं होतं. 'ओंडका. दर दोन सेकंदांनी.' 'हातोडा. दीड सेकंदात परत.' ती खाली फळीपाशी आली.

'फळी. पोरगी धावत येतेय. आरशात दिसतेय. ती चढेपर्यंत हलायचं नाही.'

तिने ते दोनदा वाचलं. शेजारच्या कॉम्प्युटरवर नर्सबाईंचा दांडा गरगरत होता.

"दिसत होते मी?" तिने हळूच विचारलं.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला नाही. "कोपऱ्यावर वळलीस तेव्हापासून," ते म्हणाले. "हातातला कागदसुद्धा दिसत होता."

तिला राग आला. इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला, आणि बाबांच्या हातातल्या चष्म्याकडे बघता बघता तिथेच विरघळला. तीन तास हा माणूस भर वर्गात मुकाट्याने बोलणी खात होता, आणि दर वेळी फळी पुन्हा थांबवून ठेवत होता.

तिने स्क्रिप्ट तशीच मिटली आणि खेळ सुरू केला. बाहुली ओंडक्यावरून उडी मारून गेली, हातोड्याखालून निसटली, दरीच्या काठावर आली. फळी वाट बघत होती. लेकीने बाहुलीचा पाय फळीवर ठेवला.

"चढले बाबा मी," ती म्हणाली. "सोडा आता गाडी."