मानेचं माप

सायकलचं माप आता यंत्रंच घेत. पुण्यातल्या पाच नामांकित यंत्रांसमोर शलाका राजवाडे बसून आली होती. प्रत्येकाने तीन सेकंदांत तिची हाडं मोजली, सीट आपोआप सरकवली आणि 'अचूक' असा शेरा दिला. तरी ट्रायथलॉनच्या सरावात साठाव्या किलोमीटरला तिची मान आखडायचीच.

शेवटी ती दाऊद तांबोळींकडे गेली. डोळ्यांनी माप घेणारे शहरात तेवढेच उरले होते. त्यांनी तिला अर्धा तास पेडल मारायला लावलं आणि नुसते बघत राहिले.

"ताई, तुम्ही सारख्या उजवीकडे मागे वळून बघता. तिथे कोण असायचं?"

शलाकाचे पाय थांबले.

"माझा नवरा, निशिकांत. तीन वर्षांपूर्वी गेला."

तांबोळींनी पाना खाली ठेवला.

"मग सीटला हात लावायला नको. माप बरोबर आहे."

"आणि मान?"

"उजव्या हँडलला आरसा लावून देतो. वळावं लागणार नाही."

रविवारी तिने एकटीने नव्वद किलोमीटर पूर्ण केले. मान जराही दुखली नाही. आरशात मागचा रस्ता लांबपर्यंत स्वच्छ दिसत होता, आणि त्यावर कोणीही नव्हतं.