तिसरं पेडल

मलेशियात, क्लांगमधल्या माझ्या आवारात जपानहून सुट्या भागांसाठी अर्ध्या कापून आलेल्या मोटारी रचलेल्या असतात. बाहरोमकाका सकाळपासून त्यांत वाकून गिअरबॉक्सचे नंबर ताडून पाहत होते. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला होता. पाच दुकानं पालथी घालून आले होते. हातातल्या चिठ्ठीतले आकडे घामाने पसरले, तरी एकही जुळेना. मीच कंटाळलो. "काका, सगळे करतात तेच करा. क्लचवाला बसवा, ढिगाने पडलेत." "तुझ्या काकूचा डावा पाय लकव्यापासून उचलत नाही." "काकू आता चालवतात कुठे?" "रोज संध्याकाळी तिला उचलून स्टिअरिंगपुढे बसवतो, तेवढंच. म्हणते, यंदा ईदला गावी मीच नेणार तुम्हाला." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तिथे क्लचचं तिसरं पेडल दिसलं, की तिला कळेल मी काय समजून चुकलोय ते." मी टॉर्च उचलून मागच्या रांगेत शिरलो.